सोळाशे मीटरचा हिशोब
(द्वितीय वर्ष, कला)

धावण्यात अभ्यास करण्यासारखे काय आहे, असे पूर्वी मलाही वाटे. पारोळा तालुक्यातून जळगावला शिकायला आलेल्या माझ्यासारख्या अनेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; त्यामुळे माझ्यापेक्षा घरच्यांचेच डोळे भरतीकडे अधिक लागलेले.

भरतीच्या मैदानी चाचणीत 50 गुणांपैकी 20 गुण पुरुषांच्या 1600 मीटर धावण्याला आहेत. ते पूर्ण मिळवायचे तर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत यावे लागते. म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. एवढे साधे गणित मी धुळ्याच्या मैदानावर विसरलो.

शिट्टी झाली, सगळे सुटले, तसा मीही सुटलो. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मित्राने घड्याळ लावले होते. पहिली फेरी 68 सेकंद, दुसरी 82, तिसरी 95, चौथी 93. एकूण 5 मिनिटे 38 सेकंद! यादीत नाव लागले नाही. परतीच्या एस.टी.त पारोळा येईपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही.

असे का झाले? आरंभीचे काही सेकंद स्नायू स्वतःजवळच्या साठ्यावर चालतात. श्वासातून मिळणारा प्राणवायू पूर्ण प्रमाणात पोचायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तोवरची तूट शरीर प्राणवायूवाचून भागवते, आणि वेग जितका जास्त तितकी ही तूट मोठी. त्यातून स्नायूंतील आम्लता वाढते व पाय जड होतात. खरी फसगत अशी की ही उधारी लगेच जाणवत नाही. पहिली फेरी हलकीच वाटते. वसुली तिसऱ्या फेरीत होते.

कोणी म्हणेल, मोठे धावपटूही आधी जोरात धावतात. खरे आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशाने 800 मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची पहिली फेरी 49.28 सेकंदांची व दुसरी 51.63 ची होती. पण फरक अडीच सेकंदांहूनही कमी! माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत 27 सेकंदांचे अंतर होते. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पूर्ण केली. दर 400 मीटरला सरासरी सुमारे 65 सेकंद, तेही 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या घेऊन. पहिल्याच फेरीत सारे बळ उधळून ही सरासरी टिकत नाही.

त्यानंतर मी सराव बदलला. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, 400 मीटरच्या चार फेऱ्या 77-78 सेकंदांत धावायच्या; मध्ये दोन मिनिटे विश्रांती. दर 200 मीटरवर मित्र वेळ ओरडून सांगतो : एकोणचाळीसच्या आत आलो तर ठीक, सदतीस झाले तर आवर घालायचा. विश्रांती हळूहळू कमी करत नेली. नुकतेच सलग धावलो तेव्हा 77, 79, 80, 78. एकूण 5 मिनिटे 14 सेकंद. अजून चार सेकंद उरले आहेत.

ते कोठे गेले, हेही सापडले. घोळक्याला टाळण्यासाठी मी वळणावर बाहेरून धावतो. आतल्या कडेपासून एक मीटर बाहेर राहिले तर दर फेरीला सुमारे सव्वासहा मीटर जास्त पडतात. चार फेऱ्यांत 25 मीटर. माझ्या वेगाने ते जवळजवळ पाच सेकंद होतात!

हा सारा हिशोब मी घरी आप्पांना मांडून दाखवला. ते अहिराणीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा : पहिल्याच तासाला बैल पळवले तर शेत नांगरून होत नाही, हे तुला कॉलेजात जाऊन कळले होय?

मित्रांनो, पुढच्या भरतीला धुळ्याच्या मैदानावर शिट्टी होईल, तेव्हा सगळे पुन्हा सुटतील. त्या वेळी मागे राहण्याचे धैर्य दाखवायचे, एवढाच माझा अभ्यास उरला आहे.