कृष्णाकाठची वाई

पुण्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारी खंबाटकीचा घाट ओलांडतात, सुरूरजवळ हमरस्ता सोडून वळतात आणि वाईच्या बाजारपेठेतून घाईघाईने पसरणीच्या घाटाला लागतात. आत बसलेल्यांना थंड हवेची ओढ लागलेली असते. डोंगरांच्या कुशीत कोणते गाव मागे पडले, याची त्यांना दखलही नसते. वास्तविक, शनिवार-रविवारचे दोन दिवस हाती असलेल्या पुणेकराने येथेच उतरावे. वाई हे भराभर पाहून संपविण्याचे गाव नव्हे. ते पायी हिंडून, घाटावर निवांत बसून पाहावयाचे गाव आहे.

कृष्णेच्या काठाने येथे सात घाट आहेत. भीमकुंड, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, रामडोह आणि ब्राह्मणशाही ही त्यांची नावे. माघ महिन्यापासून एकेका घाटावर क्रमाने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला देवी मानून तिची मूर्ती मखरात बसवावयाची, तिची पूजा बांधावयाची, असा हा उत्सव. १६५९ साली प्रतापगडाकडे निघालेल्या अफझलखानाचा तळ वाईस पडला होता. त्या संकटात केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. मात्र ज्या नदीला एवढ्या भक्तीने पुजावयाचे, तिच्याच पात्रात सांडपाणी सोडावयाचे, ही विसंगती आजच्या वाईकरांनाही बोचते.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधविले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातील. मूर्ती एकाच पाषाणातील आणि नावाप्रमाणेच भव्य आहे. पण पाहुण्याने मंदिराच्या मागील बाजूसही अवश्य जावे. तेथील भिंत सपाट नसून माशाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर आदळला म्हणजे दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. भिंतीला त्याचा सरळ तडाखा बसत नाही. वरच्या बाजूस धोमचे धरण झाले, तरी मोठ्या पावसात आजही मंदिराला पाण्याचा वेढा पडतो. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ही भिंत आपले काम मुकाट्याने करीत आहे.

वाईपासून तीनएक किलोमीटरांवर मेणवली आहे. येथे नाना फडणविसांचा चौकांमागून चौक असलेला वाडा, त्यांनी बांधलेला रेखीव घाट आणि घाटावरील मंदिरे आहेत. मंदिराजवळच्या एका लहानशा दगडी घुमटीत एक भली मोठी घंटा टांगलेली दिसते. जवळून पाहावे तो तिच्यावर बाल येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल! १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांपैकीच ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातही अशीच एक घंटा आहे. शत्रूकडून आलेली म्हणून ती कोणी वितळवली नाही, तिच्यावरील आकृतीही कोणी घासून टाकली नाही.

या वाड्याने आणखी एक ठेवा जतन केला. नानांच्या दप्तरातील कागदपत्रे येथे दीर्घकाळ पडून होती. पुढे ती अभ्यासकांच्या हाती आली आणि पेशवाईच्या उत्तरकाळाचा इतिहास लिहिणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. वाळवीने किंवा पावसाने ती नष्ट केली असती, तर कितीतरी घटना आपल्याला केवळ ऐकीव गोष्टी म्हणूनच ठाऊक राहिल्या असत्या.

कागदांशी वाईचे नाते येथेच संपत नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकण्यासाठी खानदेशातील पिंपळनेरचा एक मुलगा लहान वयात वाईस आला. तोच पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून प्रसिद्धीस आला. मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले, तेव्हा त्याचे कार्यालय मुंबई-पुण्यास न उघडता वाईस उघडले. १९७६ साली पहिला खंड निघाला. विसावा खंड पुरा होण्यास २०१५ साल उजाडले. आकाशातील ताऱ्यांपासून शेतातील पिकांपर्यंत हजारो विषयांच्या नोंदी या लहान गावात बसून तपासल्या गेल्या. त्यांत वाईवरही एक नोंद आहे.