शर्यतीच्या घोड्याचा लगाम

मुंबईचे महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान १८८३ साली सुरू झाले. हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला घोडे पळतात. पण घोडा पळून पळून किती वर्षे पळणार? दोन वर्षांचा झाला की त्याला मैदानावर आणतात. पुढे वय झाले किंवा पाय दुखावला की मैदान सुटते. मग तो रपेट शिकवणाऱ्यांकडे जातो, नाहीतर विकला जातो. असा एखादा घोडा डोंगरावर पाहुण्यांना फिरवण्याच्या कामालाही येतो. माथेरानला पाहुण्यांच्या मोटारी गावात येऊ देत नाहीत. तिथे घोड्याच्या जिवावर कितीतरी घरांची चूल पेटते.

नवा धनी दोन दिवसांत म्हणू लागतो, "याचं तोंड फार निबर आहे. कितीही ओढा, थांबत नाही." मग तो बाजारातून जास्त जाचक लगाम आणतो. इथेच घोटाळा होतो.

बैलाचा कासरा ओढला की बैल थांबतो. शर्यतीच्या घोड्याला सवय असते ती वेगळी. स्वार लगाम आखडून धरतो, घोडा त्यावर भार टाकतो आणि त्या आधाराने पळतो. लगाम ताणला की पळायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आता पाठीवर शहरातले एखादे पोर बसले. घोडा जरा उचलला की ते घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढणार. घोड्याला वाटते, पळायचा हुकूम झाला! पोर आणखी ओढते, घोडा आणखी पळतो. वाट उताराची, एका अंगाला दरी. यात घोड्याचा काय दोष सांगा बरे? तोंडात जास्त टोचले म्हणून तो थांबत नाही. दुखण्यापासून पळणे हा तर घोड्याचा स्वभावच आहे.

लगामाचा जो लोखंडी भाग तोंडात असतो त्याला कडियाळी म्हणतात. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. कडियाळी तिथे बसते. तिथे हिरडी अगदी पातळ, खाली लगेच हाड. म्हणून आधी तोंड बघा. ओठाच्या कोपऱ्यात जखम आहे काय? दाढांना धार आली आहे काय? वरच्या दाढांपुढे कधी एक बारकासा दात असतो, त्यावर लोखंड आपटते. दाताचे काम पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. जखम असेल तर ती भरेपर्यंत मोरकीवरच हिंडवा.

मग कडियाळी निवडा. ती साधी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कड्या असलेली घ्यावी. मधे एकच सांधा असलेली कडियाळी ओढली की अडकित्त्यासारखी मिटते. दोन सांध्यांची, मधे लहान तुकडा असलेली, जिभेवर बरी बसते. जाड कडियाळी मऊ लागते हे खरे. पण या जातीच्या घोड्याचे तोंड पुष्कळदा लहान असते, फार जाड लोखंड त्यात मावत नाही. रुंदी बहुधा पाच इंचांच्या आसपास लागते, तरी मापून घ्या. ओठांच्या बाहेर दोन्हीकडे पाव इंच उरावी. त्याहून लांब असेल तर सरकते, आखूड असेल तर चिमटा घेते. ओठाच्या कोपऱ्याला एखाद-दुसरी सुरकुती पडेल इतकी वर बांधा. खाली लोंबली तर घोडा जीभ तिच्यावर काढतो, आणि मग तो ताब्यात राहत नाही.

काट्यांची किंवा दातेरी कडियाळी मात्र घरात आणू नका. अशा टोचणाऱ्या कडियाळीला १९६५ च्या सरकारी नियमांनी बंदी आहे.

पण नुसती कडियाळी बदलून भागत नाही. आठ-पंधरा दिवस बंद आवारात चालवा. तोंडाने "हो" म्हणा, लगाम हलका धरा, घोडा थांबला की लगेच सैल सोडा. सैल सोडणे हीच त्याची बक्षिसी. हे रोज थोडे थोडे करावे, दमेपर्यंत नको. घाईचे काम नाही हे. लगाम हलका धरूनही दर वेळी थांबू लागला, तरच वाटेवर न्या. आधी धन्याने स्वतः बसावे, मग पाहुण्याला बसवावे. पाहुणा बसला तरी मोरकीची दोरी आपल्या हातात राहू द्या.

काम झाले की कडियाळी पाण्याने धुवा. वाळलेला फेस आणि चारा तिच्यावर घट्ट बसतो आणि ओठ सोलतो. सांध्यावरून बोट फिरवून बघा. झिजून धार आली असेल तर ती कडियाळी टाकून द्या.