तारुण्यापासून पिकल्या केसांपर्यंत
शास्त्रपाठ : स्तोत्र ७१:१७, १८

ह्या स्तोत्राचा कर्ता वृद्ध आहे. देवानें तरुणपणापासून आपणांस शिकविलें, हें तो आठवितो. आणि पुढील पिढीस देवाचें सामर्थ्य कळवीपर्यंत त्यानें आपणांस सोडूं नये, अशी विनंती करितो. म्हणजे म्हातारपण हाही साक्षीचाच काळ होय.

बाबा पदमनजी १८३१ सालीं बेळगांवास जन्मले. १८५४ सालीं, तेविसाव्या वर्षीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें पाळकाची सेवा केली, नव्या करारावर टीका लिहिली, ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र लिहिलें. १९०६ सालीं देहावसान झालें. बावन्न वर्षें हातचा नांगर सोडिला नाहीं.

इतका टिकाव कशानें लागतो? वाफेच्या इंजिनांच्या काळीं भुसावळ स्टेशनावर इंजिनांत कोळसा-पाणी भरीत. मुंबईस घेतलेलें पाणी नागपुरापर्यंत पुरत नसे. तसाच बाप्तिस्म्याच्या दिवसाचा आवेश जन्मभर पुरत नाहीं. प्रार्थना व शास्त्रवाचन रोज हवें. ज्यास वाचतां येत नाहीं, अगर दृष्टि मंदावली आहे, त्यास घरच्या मुलानें वाचून दाखवावें. वृद्धानें त्यास देवाचे उपकार सांगावे. ह्यांत दोघांचाही विश्वास वाढतो.

प्रश्न : १. स्तोत्रकर्ता दीर्घायुष्य कशासाठीं मागतो?
२. आपल्या मंडळींतील कोणत्या वृद्धास ह्या आठवड्यांत वाचून दाखवाल?