मेंदू उघडा आणि हातात बासरी?

प्रश्न : कणेरीच्या सिद्धगिरी रुग्णालयात रुग्ण बासरी वाजवत असताना त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं, अशी बातमी वाचली. त्याला दुखलं कसं नाही? की हा नुसता देखावा? – एक वाचक, कागल

उत्तर : दुखतं ते डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं जाड आवरण. त्यांना जागच्या जागी बधिर केलं, की काम झालं. खुद्द मेंदूत वेदना टिपणारे तंतूच नसतात. बऱ्याचदा कवटी उघडेपर्यंत रुग्णाला झोपवतात आणि मग उठवतात.

बासरीमुळे बातमी होते, पण एरवी हे काम तसं कंटाळवाणं. रुग्णाला बैलाचं चित्र दाखवायचं, ‘हे काय?’ विचारायचं आणि त्याच वेळी मेंदूच्या एका बिंदूला विजेचा अगदी सौम्य प्रवाह द्यायचा. बैल दिसतोय, पण नाव सुचत नाही, असं झालं की तिथं आकड्याची चिठ्ठी ठेवायची आणि ती जागा वाचवायची. माँट्रिअलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी फेफऱ्याच्या रुग्णांवर ही पद्धत रुळवली. एवढा खटाटोप अशासाठी, की बोलण्याची केंद्रं प्रत्येकाच्या मेंदूत नेमक्या त्याच जागी नसतात. शेजारी गाठ वाढली की ती सरकूही शकतात.

फायदा किती? डच सर्जन डी विट हामर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) ८,०९१ रुग्णांचे ९० अहवाल एकत्र तपासले. असा विजेचा नकाशा काढून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर गंभीर दोष कायम राहिला ३.४ टक्के रुग्णांत, नकाशाविना ८.२ टक्के. मला जास्त नवल वाटलं ते पुढच्या आकड्याचं : गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाणही ५८ वरून ७५ टक्क्यांवर गेलेलं. कुठं थांबायचं हे कळल्यावर सर्जन बाकी ठिकाणी धीटपणे पुढं जातो, असं दिसतं. अर्थात हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. त्यामुळं सगळं श्रेय या पद्धतीलाच देऊ नये. ती सगळ्यांना चालतही नाही. लहान मूल, गोंधळलेला किंवा फार घाबरणारा रुग्ण असेल, तर झोपवूनच करावं लागतं. विजेनं मध्येच फेफऱ्याचा झटका आला, तर मेंदूवर थंडगार सलाइन ओततात.

 

आपल्या भागासाठी एक गोष्ट महत्त्वाची. ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं, की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत त्यांच्या काही जागा वेगळ्या असू शकतात. कागल-गडहिंग्लजकडं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी घरं कमी नाहीत. अशा रुग्णाची चाचणी मराठीतच झाली, तर कन्नडची जागा तपासायची राहून जाईल. म्हणून घरात काय बोलता, बाजारात काय बोलता, डावखुरे आहात का, भजनात पेटी वाजवता का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.