हळदीतील कुरकुमीन आणि शरीरातील दाह

मुका मार लागला की हळदीचा लेप आणि घसा धरला की हळदीचे दूध, हे उपाय आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. हळदीचा हा गुण कशात आहे, हे ती पिकवणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

दाह म्हणजे काय?
जखम झाली किंवा जंतू शिरले की पांढऱ्या पेशी तेथे जमा होतात. त्यांतील भक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि इतर पेशींना बोलावणारी रसायने सोडतात. त्यामुळे जागा लाल व गरम होते, सुजते, दुखते. हा दाह संरक्षणासाठीच असतो. मात्र तो दीर्घकाळ चालू राहिल्यास सांध्यांसारख्या अवयवांची हानी होते.

कुरकुमीनचे कार्य
हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कुरकुमीनमुळे येतो. जातीनुसार त्याचे प्रमाण साधारण २ ते ६ टक्के असते. भक्षक पेशीत 'एनएफ-कप्पा-बी' नावाचे प्रथिन एरवी बांधलेले असते. धोक्याचा इशारा मिळताच ते सुटून पेशीकेंद्रात जाते व दाहाची रसायने तयार करावयास लावते. कुरकुमीन त्याला सुटू देत नाही, असे १९९५ साली प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले.

मर्यादा
खाल्लेल्या कुरकुमीनपैकी फारच थोडे रक्तात पोहोचते. मिरीतील पायपरीन सोबत दिल्यास हे प्रमाण सुमारे २० पट वाढते, असे बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखविले. तरीही हळदीच्या भरवशावर डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत.

हा गुण टिकविण्यासाठी
१) काढणीनंतर गड्डे व हळकुंडे वेगळी करून ३-४ दिवसांत शिजवावीत.
२) पाण्यात ४५ ते ६० मिनिटे, काडी सहज टोचेपर्यंतच शिजवावे. जास्त शिजल्यास रंग बिघडतो.
३) स्वच्छ जागेवर १० ते १५ दिवस वाळवावे. मोडताना खणकन आवाज आला म्हणजे हळद वाळली.
४) पॉलिश करताना लेड क्रोमेटसारखा रंग कदापि वापरू नये. त्यातील शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

जी हळद लोक औषध समजून मुलांना देतात, ती आपल्या खळ्यावरून निर्भेळच गेली पाहिजे.