होजिअरीचा टॉप अंगाला नीट बसावा म्हणून
बदलापूरजवळच्या वाड्यांतील भगिनींना शिकवायला मी उल्हासनगरहून होजिअरीचे कापड वजनावर आणते. सुती असल्यास कापण्याआधी धुऊन वाळवावे; मागाहून आटले की टॉप गेलाच. आडवे ताणून पाहा: 10 सेंमीचे 13 सेंमी सहज होत असेल, तर छातीच्या मापापेक्षा 3–4 सेंमी कमी बेता. ताण अंगाभोवती यावा, उभा नव्हे. सुई गोल टोकाची घ्या. साध्या सुईने भोके पडतात. आपल्या पायमशिनीवर झिगझॅग नाही. म्हणून शिवताना कापड किंचित ताणून धरा, नाहीतर डोके घालतानाच शिवण तुटते आणि शिलाईचे पैसे बुडतात. गळा 50 सेंमी असल्यास रिबची पट्टी 43 सेंमी, शिवणीचे वेगळे. एकच खांदा जोडून ती आधी लावावी. सपाट कापडावर मला तरी सोपे जाते.