वसाहतीसाठी प्रदेशाची पारख

एखाद्या ग्रामीण प्रदेशात नवीन कुटुंबे वसवावयाची, तर तो प्रदेश त्यांना पोसू शकेल किंवा नाही हे आधी कसे ठरवावे? या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागडा प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. जो कुटुंबप्रमुख १६० एकर (सुमारे ६५ हेक्टर) सरकारी जमीन घेऊन तीवर घर बांधील, पाच वर्षे राहील आणि ती कसेल, त्याला अल्पशा शुल्कात ती मालकी हक्काने मिळू लागली. पुढे सुमारे सोळा लाख लोकांना अशी मालकीपत्रे मिळाली. अर्ज करूनही मुदतीपूर्वीच जमीन सोडून गेलेल्यांची संख्याही फार मोठी होती.

हे लोक जमीन सोडून का गेले? इलिनॉयसारख्या पावसाच्या मुलखात १६० एकर म्हणजे एका कुटुंबाला भरपूर शेत. त्याच मापाने पश्चिमेकडची माळराने कापण्यात आली. डकोटा, नेब्रास्का व कॅन्सस यांमधून जाणाऱ्या शंभराव्या रेखांशाच्या आसपास वार्षिक पाऊस वीस इंचांवर, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो आणि पश्चिमेस आणखी घटत जातो. तेथे १६० एकर कोरडवाहू पिकाला अपुरे आणि गुरे राखण्यास तर फारच अपुरे. भूशास्त्रज्ञ मेजर जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात हे स्पष्ट मांडले होते. पाटपाण्याखाली ८० एकर पुरेत, परंतु चराऊ रानासाठी २,५६० एकर हवेत आणि प्रत्येक वाट्याला पाण्याचा काठ मिळावा, अशी त्यांची शिफारस होती. जमिनीची वाटणी चौकोनी आखणीने न करता चढउतार पाहून करावी, असेही ते म्हणत. ही शिफारस काँग्रेसने स्वीकारली नाही. नांगरामागोमाग पाऊस येतो, अशी समजूत त्या काळी प्रचारात होती आणि १८८० नंतरच्या काही चांगल्या पावसाळ्यांनी ती खरी वाटू लागली. १८९० च्या सुमारास अवर्षण आले, तेव्हा पश्चिम कॅन्सस व नेब्रास्कातील कितीतरी घरे ओस पडली. कायद्याने शहाणपण उशिरा स्वीकारले : १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कापुरते क्षेत्र ६४० एकर झाले, १९०९ मध्ये इतर काही कोरड्या भागांत ३२० एकर.

यावरून पारखीचे पहिले सूत्र निघते. केवळ सरासरी पाऊस पाहू नये. वाईट वर्षांत तो कितीवर येतो, कोणत्या महिन्यांत पडतो आणि उन्हाने किती उडून जातो हे पाहावे. थंड डकोटातील वीस इंच आणि उष्ण सोलापूर पट्ट्यातील वीस इंच एकाच मोलाचे नव्हेत. आपल्याकडे खोल काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्यावर रब्बी ज्वारी येते. तोच पाऊस वीतभर मुरमाड थरावर पडला तर हाती काही लागत नाही. म्हणून जमिनीची खोली खड्डा खणूनच पाहावी.

दुसरे असे, की प्रदेश स्वतःविषयी बरेच सांगत असतो. पूर्वेकडील माळांवर पुरुषभर उंचीचे गवत होते, पश्चिमेस ते घोट्याएवढे राहिले. जाणत्या माणसाला एवढी खूण पुरेशी होती. वराहमिहिराने बृहत्संहितेतील दकार्गल अध्यायात झाडे व वारुळे यांवरून भूजल ओळखण्याची लक्षणे दिली आहेत, तीही याच वृत्तीची. अर्थात विहिरीतील पाण्याची खोली प्रत्यक्ष मोजणे अधिक विश्वासार्ह. अमेरिकेच्या उंच माळांवर अनेक ठिकाणी पाणी शंभर फुटांहून खाली होते. पवनचक्की घेण्याची ऐपत नसलेल्याला फुकट मिळालेली जमीनही परवडली नाही. सरपण नव्हते, म्हणून वाळलेले शेण जाळले जाई. गोवऱ्यांची सवय असलेल्या आपल्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. परंतु लाकडाअभावी घरेही गवताळ मातीच्या ढेपांची बांधावी लागली.

बाजाराचे अंतर आणि हक्काची स्वच्छता हे मुद्देही तितकेच अगत्याचे आहेत. रेल्वेलगतचे एकाआड एक चौकोन बहुधा कंपन्यांना दिलेले असत. उरलेली ‘मोकळी’ जमीन खरोखर मोकळी होती असेही नाही. मूळ रहिवासी जमातींना हटवून ती मोकळी करण्यात आली होती. आधी तेथे कोण राहत होते, कोणाची गुरे चरत होती, हा प्रश्न कागदावर नसला तरी विचारावाच लागतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध पुनर्वसनातून येतो. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतील काही कुटुंबे सोलापूर व सांगली जिल्ह्यांत वसविली गेली. अतिवृष्टीच्या खोऱ्यात भात-नाचणी पिकविणाऱ्या कुटुंबाला ज्वारीच्या मुलखात जमीन देताना एकरांचा आकडा जुळला, तरी शेतीची रीत जुळतेच असे नाही. नव्या गावठाणाची जागा पाहणाऱ्या समितीने म्हणून ती श्रावणात पाहू नये. वैशाखात जावे, शेजारच्या गावातील विहिरींत दोर सोडून पाहावा, टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो हे तेथील स्त्रियांना विचारावे आणि जे उठून येणार आहेत त्यांच्यातील दोन-चार जाणते शेतकरी सोबत न्यावेत.